रागात शब्द सुटला तर: घरातल्या भांडणात इस्लामनुसार काय करायचं

भांडणात तोंडातून निघालेले सगळे शब्द एका मापाचे नसतात. ‘तुला अक्कल नाही’ म्हटलं तर मनापासून माफी मागून भागतं. ‘अल्लाहची कसम, तुझ्या भावाच्या दारात पाय ठेवणार नाही’ म्हटलं तर माफीबरोबर कफ्फाराही (दीनने ठरवून दिलेलं प्रायश्चित्त) लागू शकतो. आणि ‘तलाक’ म्हटलं की निकाह, मजहब (आपण पाळतो ती शरियतची परंपरा, जसे हनफी, शाफई) आणि देशाचा कायदा तिन्ही एकदम समोर येतात. घराघरांत घोळ होतो तो इथेच. जिथे कफ्फारा द्यायला हवा तिथे लोक ‘सॉरी’ म्हणून मोकळे होतात, आणि जिथे साधी माफी पुरली असती तिथे रात्री बारा वाजता मुफ्तींना फोन लावत बसतात. म्हणून आधी राग आवरण्याचं पाहू, आणि मग शब्द सुटलाच तर कोणत्या शब्दाची भरपाई कशी करायची ते.

पहिली काही मिनिटं

एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे नसीहत मागितली. उत्तर मिळालं, ‘रागावू नकोस.’ त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, तरी उत्तर तेच (बुखारी हा हदीससंग्रह). पण हदीसमध्ये (प्रेषितांच्या वचनांच्या आणि वर्तनाच्या नोंदींत) नुसतं ‘रागावू नका’ सांगून सोडलेलं नाही, हातपाय आणि जीभ यांचं काय करायचं तेही सांगितलं आहे.

सगळ्यात आधी गप्प बसायचं. याला पाणी लागत नाही, जागा लागत नाही, कुणाची मदतही लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, पार्टिशनच्या पलीकडे दिराचा संसार आणि भिंतीला लागून शेजारी अशा घरात हा एकच उपाय हमखास करता येण्याजोगा आहे. मग मनातल्या मनात किंवा पुटपुटत ‘अऊजु बिल्लाहि मिनश्शैतानिर्रजीम’ (शैतानापासून अल्लाहचा आसरा मागतो) म्हणायचं. उभे असाल तर बसायचं, बसूनही राग उतरला नाही तर आडवं व्हायचं. हे अबू दाऊदच्या हदीसमध्ये आहे. इमाम खत्ताबी यांनी याचं कारण दिलं आहे: उभा माणूस हालचालीला आणि हात उगारायला तयार असतो, बसलेला त्यापेक्षा कमी. त्यामुळे दारात किंवा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्याने वाद सुरू झाला तर पहिली गोष्ट म्हणजे खाली बसा. समोरचं माणूसही बहुतेक वेळा आवाज थोडा खाली आणतं.

वुजू (नमाजआधी हात, तोंड, पाय धुणं) करण्याबद्दलची हदीस (राग शैतानाकडून, शैतान आगीपासून, आग पाण्याने विझते) अबू दाऊदमध्ये आहे. काही मुहद्दिसांनी (हदीसच्या जाणकारांनी) तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) कमकुवत मानली आहे, तरी उलेमा तिच्यावर अमल करायला सांगतात, आणि उपाय गुणकारी आहे. पाणी गेलं आहे ही सबब मात्र चालत नाही. प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वुजू करत, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर. बादलीतला एक तांब्या पुरतो. नळाखाली घाईत तोंडावर पाणी मारण्यापेक्षा तांब्याने सावकाश केलेला वुजू जास्त कामाचा, कारण त्यात वेळ जातो, आणि इथे वेळ जाणंच हवं असतं.

इथे एक चूक नेहमी होते. चिडलेल्या माणसालाच ‘अऊजु बिल्लाह पढ’ असं सुनावलं जातं. मूळ हदीसमध्येही एका सहाबींनी (प्रेषितांच्या सोबत्याने) चिडलेल्या माणसाला हे सांगितलं, तर तो उलटून म्हणाला, ‘मी काय वेडा आहे?’ (बुखारी). भर भांडणात नवऱ्याने बायकोला किंवा सासूने सुनेला हे सांगितलं की ऐकणाऱ्याला ‘तुझ्यात शैतान शिरलाय’ असंच ऐकू येतं. हा कलिमा स्वतःसाठी पढायचा.

बाहेर जाणंही चालतं, पण न सांगता नाही. चप्पल घालून, दार आपटून निघून गेलं की मागे राहिलेल्याचा राग दुप्पट होतो, आणि फोन बंद असेल तर वर काळजीही. जाताना एवढंच म्हणा: ‘मी मशिदीत जातोय, इशा पढून साडेनऊपर्यंत येतो, मग बोलू.’ वेळ सांगायची आणि पाळायची. बायकांसाठी ही सोय मुंबईत कमी आहे, बऱ्याच मशिदींत त्यांना जागा नसते. त्यांनी चाळीचा पॅसेज, गच्ची किंवा शेजारच्या खालाचं घर आधीच ठरवून ठेवावं, आणि तिथे गेल्यावर कोणी ‘काय झालं?’ म्हणून खोदून विचारणार नाही अशीच जागा निवडावी.

एकदा हजरत अली (र.) आणि हजरत फातिमा (र.) यांच्यात काही बोलाचाली झाली आणि अली (र.) मशिदीत जाऊन झोपले. प्रेषित (स.) लेकीच्या घरी आले. काय भांडण, कोणाची चूक, हे त्यांनी विचारलंच नाही. जावई कुठे आहे एवढं विचारलं, मशिदीत गेले, त्यांच्या अंगावरची माती झाडली आणि लाडाने म्हणाले, ‘ऊठ, अबू तुराब’, म्हणजे ‘मातीवाल्या’ (बुखारी, मुस्लिम). मुलीच्या बापाने काय करावं याचा हा पूर्ण धडा आहे. आपल्याकडे मुलीचा फोन आला की पहिला प्रश्न ‘त्याने तुला काय म्हटलं?’ हा असतो.

कसम खाल्ली असेल तर

रागातल्या कसमा बहुतेक नाती तोडण्याच्याच असतात: बहिणीशी बोलणार नाही, सासरवाडीला जाणार नाही, भावाला पैसे देणार नाही. हजरत अबू बक्र (र.) यांनीही अशी कसम खाल्ली होती. त्यांचे गरीब नातेवाईक मिस्तह, ज्यांचा खर्च ते चालवत, त्यांची मुलगी हजरत आयशा (र.) यांच्यावर तोहमत (खोटा आळ) घेणाऱ्यांत सामील झाले. बापाच्या मनावरचा घाव केवढा असेल! तरी सूरह नूरची २२वी आयत उतरली: नातेवाइकांना न देण्याची कसम खाऊ नका, माफ करा, अल्लाहने तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बक्र (र.) यांनी खर्च पुन्हा सुरू केला. म्हणून नातं तोडणारी कसम पाळत बसणं ही दीनदारी नव्हे. ती मोडायची आणि कफ्फारा द्यायचा. मुस्लिमच्या हदीसमध्येही हेच आहे: कसम खाल्ल्यावर दुसरी गोष्ट जास्त चांगली दिसली तर चांगली गोष्ट करा आणि कफ्फारा द्या.

कफ्फारा सूरह माइदाच्या ८९व्या आयतीत आहे: १० गरिबांना जेवण, किंवा १० गरिबांना कपडे, किंवा गुलाम मुक्त करणं, यातलं काहीच जमत नसेल तर ३ रोजे. आर्थिक कुवत असताना सरळ रोजे धरले तर कफ्फारा अदा होत नाही. ही चूक सर्रास होते.

आता मापं. इथे आपला मजहब माहीत असणं गरजेचं आहे, कारण मुंबईत एकाच घरात कोकणी शाफई नवरा आणि उत्तर प्रदेशकडची हनफी बायको असं असू शकतं.

हनफी पद्धतीत १० गरिबांना दोन वेळ पोटभर जेवण द्यायचं, दोन्ही वेळेला तेच १० जण. किंवा प्रत्येकाला अर्धा साअ गहू अथवा त्याची किंमत. अर्धा साअ म्हणजे काही उलेमांच्या हिशोबाने १ किलो ६३३ ग्रॅम, तर काहींच्या हिशोबाने २ किलोंच्या थोडं वर. डोकं लढवत बसू नका. रमजानमध्ये तुमच्या मशिदीत गव्हाच्या फितऱ्याचा (ईदआधी गरिबांना द्यायच्या दानाचा) जो दर जाहीर होतो, तोच एका गरिबाचा हिस्सा. आजच्या गव्हाच्या भावाने असे १० फितरे म्हणजे एक कफ्फारा. एकाच गरिबाला १० दिवस रोज एक हिस्सा दिला तरी चालतो. एकाच दिवशी दहाही हिस्से एकाच्या हातात दिले तर एकच धरला जातो. कसम मोडण्याआधी दिलेला कफ्फारा हनफी मतात चालत नाही. ३ रोजे सलग धरावे लागतात.

शाफई पद्धतीत १० वेगवेगळे गरीब हवेत, आणि प्रत्येकाला एक मुद धान्य (६०० ते ७५० ग्रॅम, आपल्याकडे तांदूळ) हातात द्यायचं. शिजवलेलं जेवण वाढून किंवा रोख पैसे देऊन भागत नाही. धान्याचा कफ्फारा कसम मोडण्याआधी दिला तरी चालतो, रोजे मात्र मोडल्यावरच. रोजे सलग असण्याची अट नाही. कोकणी घरांतून अनेकदा ‘दहा फितऱ्यांचे पैसे’ ट्रस्टकडे दिले जातात; ट्रस्टला स्पष्ट सांगा की आम्ही शाफई आहोत, पैशांचे तांदूळ घेऊन १० जणांना वाटा.

दोन्हीकडे एक नियम समान आहे: हा कफ्फारा आपले आईवडील, मुलं किंवा बायको यांना देता येत नाही.

कसम कोणती धरायची? ‘आईशप्पथ’, ‘मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो’ अशा कसमेने कफ्फारा लागत नाही, पण ती खाणंच गुनाह आहे. हदीसमध्ये स्पष्ट आहे की कसम खायची तर अल्लाहची, नाहीतर गप्प राहायचं. याबद्दल तौबा करा. सवयीने, मनात निश्चय नसताना ‘वल्लाह’ सुटलं तर शाफई मतात ती लगव (निरर्थक) आहे, कफ्फारा नाही. हनफी मतात पुढे करायच्या किंवा न करायच्या गोष्टीची कसम असेल तर ती मोडल्यावर कफ्फारा आहेच.

बायकोजवळ जाणार नाही अशी ४ महिन्यांची किंवा त्याहून मोठी कसम हा वेगळा मामला आहे, त्याला ईला म्हणतात (सूरह बकरा, २२६). हनफी मतात कसम न मोडता ४ महिने उलटले की एक बाइन तलाक (नव्या निकाहाशिवाय परत न घेता येणारा) पडतो. लोक कसम खातात, विसरतात, आणि अबोल्यात महिने जातात. अशी कसम खाल्ली असेल तर तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात आलिमांना गाठा. बायकोला ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ म्हणणं म्हणजे जिहार. त्याचा कफ्फारा बायकोजवळ जाण्याआधी द्यावा लागतो, आणि तो सलग २ महिन्यांच्या रोज्यांचा आहे, ते झेपत नसेल तर ६० गरिबांचं जेवण (सूरह मुजादिला). या दोन्ही बाबतींत स्वतः हिशोब करू नका.

‘तलाक’ हा शब्द निघाला असेल तर

पहिलं काम: तो शब्द पुन्हा उच्चारू नका. ‘हो, दिलाच, काय करशील?’ या एका वाक्याने किती प्रकरणं बिघडतात याला सुमार नाही. आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर काहीच लिहू नका.

दुसरं: त्याच रात्री दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं. नेमकं वाक्य काय होतं, जसंच्या तसं. किती वेळा म्हटलं. ‘दिला’ म्हटलं की ‘देईन’. काही अट होती का (‘माहेरी गेलीस तर…’). याआधी कधी तलाक दिला होता का. बायको हैजमध्ये (मासिक पाळीत) किंवा गरोदर होती का. मुफ्तींचा जवाब या शब्दांवरच अवलंबून असतो, आणि दोन दिवसांनी दोघांच्याही आठवणीतले शब्द बदललेले असतात. दोन्ही कागद घेऊन आपल्या मसलकच्या (पंथाच्या) मुफ्तींकडे लेखी विचारा. फोनवर अर्धवट सांगून मिळवलेला जवाब अर्धवटच असतो.

‘रागात होतो’ एवढ्याने सुटका होत नाही. तलाक बहुधा रागातच दिला जातो. जुने आलिम इब्नुल कय्यिम यांनी रागाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. आपण काय बोलतोय ते कळत असेल तर तलाक पडतो. राग इतका की काय बोललो याची शुद्धच नाही, तर पडत नाही. मधल्या पायरीवर उलेमांत मतभेद आहेत. एका बैठकीत तीनदा म्हटलं तर चारही मजहबांचे बहुसंख्य फुकहा (शरियतचे कायदेपंडित) तीन धरतात, अहले हदीस (मजहब न मानता थेट हदीसवर चालणारे) एक धरतात. अटीचा तलाकही धमकी समजून विसरून जायचा नाही: बहुसंख्य फुकहांच्या मते अट पूर्ण झाली की तो पडतो. ‘तू मोकळी आहेस’, ‘चल निघ माहेरी’ असल्या वाक्यांत नीयत पाहिली जाते, आणि हनफी मतात काही शब्दांबाबत भांडणाचा प्रसंगही धरला जातो.

एक किंवा दोन रजई (परत घेता येण्याजोगे) तलाक झाले असतील तर इद्दत (तलाकनंतर बायकोने थांबायचा काळ) संपण्याआधी रुजू करता येतो, म्हणजे बायकोला परत निकाहात घेता येतं. शाफई मतात तो शब्दांनी करावा लागतो, ‘मी तुला परत निकाहात घेतलं’ असं. दोन साक्षीदार ठेवा, तारीख लिहा.

कायद्याची बाजू वेगळी आणि स्पष्ट आहे. २२ ऑगस्ट २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या शायरा बानो निकालानंतर २०१९ चा कायदा आला. त्यानुसार एका दमात दिलेला, परत न घेता येणारा तलाक, बोलून, लिहून किंवा मोबाइलवरून, रद्दबातल आहे आणि गुन्हाही आहे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तक्रार बायको किंवा तिचे रक्ताचे वा सासरचे नातेवाईक करू शकतात. म्हणजे कायद्याने निकाह कायम राहतो. दीनच्या बाजूने काय झालं ते आलिमांना आणि हक्कांचं वकिलांना, असं दोन्हीकडे विचारा. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

या घबराटीत कोणी ठरवून हलाला (पहिल्या नवऱ्याकडे परतता यावं म्हणून दुसऱ्याशी नावापुरता निकाह आणि तलाक) करण्याची ‘सोय’ सुचवली तर त्याला दारातूनच परत पाठवा. असं ठरवून करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी केलं जातं त्याच्यावर प्रेषित (स.) यांनी लानत (शाप) केली आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). त्यात भरडली जाते ती बाई, जिने तो शब्द उच्चारलेलाही नसतो.

शिव्या, टोमणे, बददुआ

इथे कफ्फारा नाही, पण हिशोब आहे. आईवडिलांना ‘उफ्’ही म्हणू नका, झिडकारू नका (सूरह बनी इस्राईल, २३) हे सगळ्यांना पाठ असतं. म्हातारे वडील तीच गोष्ट पाचव्यांदा विचारतात तेव्हा ते आठवायला हवं. ‘तुझ्या आईबापाने हेच शिकवलं का?’ हा टोमणाही साधा नाही. स्वतःच्या आईबापाला शिवी देणं हा मोठा गुनाह आहे असं सांगून प्रेषित (स.) यांनी त्याचा अर्थही सांगितला: तुम्ही दुसऱ्याच्या बापाला शिवी देता, तो तुमच्या बापाला देतो (बुखारी, मुस्लिम). माहेरचं नाव भांडणात काढायचं नाही, हा नियम लग्नाच्या पहिल्या महिन्यातच दोघांनी करून टाकावा.

मुलांना ‘मर जा’, ‘तुझं वाटोळं होवो’ म्हणणाऱ्या आया वाईट नसतात. लोकलला लोंबकळून आलेल्या, पाण्याच्या वेळेला धावलेल्या, दमलेल्या असतात. पण मुस्लिमच्या हदीसमध्ये स्वतःला, मुलांना आणि मालाला बददुआ देण्याची मनाई आहे, कारण ती घडी दुआ कबूल होण्याची असू शकते. जीभ वळवायचीच असेल तर ‘अल्लाह तुला हिदायत देवो’ म्हणा. तेवढ्याच जोरात म्हटलं तरी चालेल. हजरत अनस (र.) लहानपणी १० वर्षं प्रेषित (स.) यांच्या घरात कामाला होते, एकदाही ‘उफ्’ किंवा ‘हे का केलंस’ ऐकलं नाही असं ते सांगतात.

माफी मागताना

शबे बरातच्या आधी शंभर जणांना ‘कहा-सुना माफ’ पाठवून घरातल्या माणसाची माफी होत नाही. ज्याचं मन दुखावलं त्याच्याकडून, नेमक्या गोष्टीची माफी मागावी लागते. वाक्य असं: ‘काल सगळ्यांसमोर मी तुला कामचोर म्हटलं, ते चूक होतं, मला माफ कर.’ पुढे ‘पण तूसुद्धा…’ जोडायचं नाही; ते जोडलं की माफी संपते आणि भांडण सुरू होतं. चारचौघांत बोलला असाल तर मागे घेणंही चारचौघांतच. फॅमिली ग्रुपवर लिहिलं असेल तर ग्रुपवरच. मेसेज नुसता डिलीट केल्याने ज्यांनी वाचला त्यांच्या मनातून तो जात नाही.

नुकसान झालं असेल तर भरून द्या. प्रेषित (स.) यांच्या घरी दुसऱ्या बीबींकडून आलेलं खाण्याचं भांडं रागाने फुटलं, तेव्हा त्यांनी आधी तुकडे गोळा केले, सांडलेलं अन्न उचललं, पाहुण्यांना ‘तुमच्या आईला गैरत आली’ एवढंच म्हटलं, आणि फुटलेल्या भांड्याच्या बदल्यात अख्खं भांडं पाठवून दिलं (बुखारी). आरडाओरडा नाही, भाषण नाही, पण भरपाई पूर्ण.

अबोला ३ दिवसांच्या वर नको. दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो (बुखारी, मुस्लिम). सकाळी कामाला निघताना दारातून ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणून सुरुवात करा. चहा पुढे सरकवणं, डबा भरून देणं हे चांगलंच, पण माफीचा शब्द त्यानंतर यायलाच हवा.

तिसऱ्याला बोलावताना

सूरह निसाची ३५वी आयत एक माणूस त्याच्याकडचा आणि एक तिच्याकडचा असे दोन मध्यस्थ सांगते. दोनच. मुंबईत एका खोलीत चौदा माणसं जमतात आणि प्रत्येक जण जुना हिशोब काढतो. माणसं अशी निवडा जी रागात निर्णय देत नाहीत; काजीलाही रागात फैसला करण्याची मनाई आहे. मध्यस्थाने इकडचं वाईट तिकडे न्यायचं नाही, चांगलं मात्र न्यायचं; सुलह करणारा चांगलं सांगतो तेव्हा तो खोटारडा ठरत नाही (बुखारी, मुस्लिम).

मदतीसाठी तक्रार करणं ही गीबत (पाठीमागे निंदा) नव्हे. हिंद बिन्ते उत्बा यांनी नवरा खर्चाला पुरेसं देत नाही ही तक्रार थेट प्रेषित (स.) यांच्याकडे नेली आणि त्यांना जवाब मिळाला. म्हणून ‘घरातली गोष्ट बाहेर गेली’ असं म्हणून बाईला गप्प करणं चूक आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात शिवीगाळ, अपमान आणि मूल किंवा मुलगा नसल्याचे टोमणेही हिंसाचारात धरले आहेत. हात उचलला गेला तर मध्यस्थांची वाट पाहू नका: तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. मुंबई पोलिसांबरोबर टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथले समाजकार्यकर्ते दोघांशी बोलतात. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातही समुपदेशक असतात. जाताना निकाहनामा, आधार कार्ड आणि त्या रात्री लिहिलेले कागद सोबत ठेवा.